केसरच्या कलमांभोवतीचे आच्छादन

अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेला लागून असलेल्या उतारावर आमची मुरमाड जमीन आहे. वरची माती वीतभर, तिच्याखाली तांबूस मुरूम आणि त्याखाली कातळ, अशी तिची घडण. पावसाळ्यात चार दिवस उघडीप मिळाली की पिके माना टाकतात, म्हणून या तुकड्यावर सोयाबीन घेण्याऐवजी केसर आंबा लावावा आणि बांधाने चिंच, जांभूळ, आवळा व सीताफळ लावावे, असे घरात ठरले. खड्डे उन्हाळ्यातच घेतले, ते तापू दिले आणि पाझर तलावातला गाळ, कुजलेले शेणखत व निंबोळी पेंड मिसळून भरून ठेवले. खड्डा आणि भरणी यांविषयी भरपूर माहिती सर्वत्र मिळते, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. लागवड झाल्यानंतर कलमाच्या बुडाशी काय पसरायचे, किती पसरायचे, केव्हा पसरायचे आणि केव्हा मागे ओढायचे, याविषयी मात्र मला पुरेसे सविस्तर काही सापडले नव्हते. म्हणून आमच्या शेतात जे केले आणि जे दिसले ते क्रमाने मांडतो.

आच्छादनाचे, म्हणजे काडाकचऱ्याच्या थराने माती झाकण्याचे, नाव आता शेतकऱ्यांना नवे राहिलेले नाही. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा ही चतुःसूत्री गावोगाव पोहोचवल्यापासून तर हा शब्द शिबिरांत आणि पारावर सारखाच ऐकू येतो. परंतु पिकांच्या दोन ओळींत काड पसरणे आणि एकेका कलमाभोवती आच्छादन राखणे यांत मोठा फरक आहे. पीक तीन-चार महिन्यांत निघून जाते. कलम जागच्या जागी राहते, त्याचे खोड कोवळे असते, खुंट आणि वरची फांदी जुळतात ती जोडाची जागा नाजूक असते आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याची बहुतेक मुळे भरलेल्या खड्ड्याच्या वरच्या थरातच असतात. त्या थरात ओल टिकली तर झाड टिकते.

2023 साली मराठवाड्यात पाऊस पोहोचायलाच जूनची अखेर उजाडली. पहिल्या सरीबरोबर कलमे लावण्याची घाई आम्ही केली नाही. खड्ड्यातली माती खालपर्यंत भिजली आहे का, हे पहारीने पाहिले आणि जुलैत दोन चांगले पाऊस झाल्यावर लागवड केली. आच्छादनही त्याच वेळी केले, कारण आच्छादन पाणी निर्माण करत नाही, जमिनीत असलेले पाणी धरून ठेवते. कोरड्या मातीवर काड पसरले तर कोरडेपणाच झाकला जातो, आणि त्यानंतर आलेली हलकी सर काडातच अडकून उन्हाबरोबर उडून जाते. पाच-सहा मिलिमीटरचा पाऊस जाड पाचटाच्या खालपर्यंत पोहोचतच नाही, हे मी बोट घालून पुन्हा पुन्हा तपासले आहे. म्हणून आधी माती भिजवावी आणि मग झाकावी, हा क्रम आम्ही कधीही मोडला नाही. पावसाने भिजली नसेल तर ठिबकने भिजवली, पण ओल्या मातीवरच आच्छादन टाकले.

काय पसरायचे हा प्रश्न वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. आमच्या भागात सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरणारा भुसा), तुराट्या, हरभऱ्याचे भुसकट, उसाचे पाचट आणि माळावरचे कुसळी गवत, एवढे साहित्य मिळते. ज्वारीच्या कडब्याचा विचारही मनात आणण्याचे कारण नव्हते. तो जनावरांचा घास आहे, आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी कडब्याची पेंढी धान्याइतकी मोलाची होते. गुळीही जनावरे खातात. मी गुळीची घमेली कलमांकडे नेताना पाहून शेजारच्या शेतातले मामा बांधावरूनच म्हणाले, “आवो, म्हशीला गुळी मिळंना झालीय अन् तुम्ही झाडाच्या बुडात घालायला लागलाव.” त्यांचे म्हणणे मला मनापासून पटले. तेव्हापासून चांगली, पिवळीधमक गुळी झाडाला घालायची नाही, असा नियम केला. मळणीनंतर बांधाच्या कडेला पडून राहिलेली, पावसाने भिजून काळपट झालेली आणि बुरशी आल्यामुळे जनावरे तोंड लावत नाहीत अशी गुळी गावात पुष्कळ असते. ती मागितली तर कोणी नाही म्हणत नाही, उलट जागा मोकळी झाल्याचे समाधान मानतात.

पाचटाचे तसेच आहे. ऊस तुटून गेला की हेक्टरी सुमारे 8 ते 10 टन पाचट रानात पडते आणि आजही कित्येक जण ते पेटवून देतात. कारखान्याची तोड संपत आली की आम्ही खालच्या अंगाच्या बागायतदारांकडे आधीच सांगून ठेवतो आणि काडी लागण्याआधी ट्रॉली भरून आणतो. पाचट लांब असते, एकमेकांत गुंतते, त्यामुळे वाऱ्याने सहज उडत नाही. ते सावकाश कुजते, म्हणजे एकदा घातले की बराच काळ पुरते. त्याची पाती अंगाला कापतात, म्हणून ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आणि शक्यतो सकाळच्या दवात हाताळावे. कुसळी गवत मात्र बी धरण्याच्या आधी कापलेले असेल तरच घ्यावे, अन्यथा पुढच्या पावसाळ्यात आळ्यातच, म्हणजे झाडाभोवती केलेल्या गोल खळग्यातच, माळ उगवतो. गाजर गवतालाही हाच नियम लागू आहे. फुलोऱ्यापूर्वी उपटले तर ते उत्तम हिरवे आच्छादन होते, फुले आल्यावर उपटले तर ती पेरणीच ठरते.

जाडीचा हिशेब साहित्यावर अवलंबून असतो. पाचट मोकळे असते, ते 10 ते 15 सेंटिमीटर घातले तरी दोन पावसांत दबून निम्मे होते. गुळी बारीक असते. ती तितक्याच जाडीने घातली तर भिजून तिचा पापुद्रा बनतो, वरून पाणी ओघळून जाते आणि खाली हवा पोहोचत नाही. म्हणून गुळी 4 ते 5 सेंटिमीटरपेक्षा जाड घालत नाही, आणि शक्य असेल तेथे खाली गुळी व वर पाचट असा थर देतो. पहिल्या वर्षी आळ्याचा व्यास साधारण एक मीटर होता. एवढ्या आळ्याला चार-पाच किलो कोरडे पाचट किंवा तीन घमेली गुळी पुरते. आकडा लहान वाटतो, पण अनेक कलमांना घालायचे आणि वर्षातून दोन-तीनदा भर द्यायची म्हटले की साहित्य आधीच जमवून ठेवावे लागते. ऐन वेळी ते मिळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. आच्छादन खोडाला टेकता कामा नये. खोडाभोवती किमान वीतभर जागा पूर्ण मोकळी हवी. बांगडी जशी मनगटाभोवती सैल राहते तसे आच्छादन कलमाभोवती राहिले पाहिजे. रस्त्याकडेच्या लागवडींत आणि कित्येक बागांतही नेमके याच्या उलट दिसते. खोडाशी काडाचा उंच ढीग रचलेला असतो आणि कडेला जमीन उघडी असते. त्या ढिगात खोडाची साल सतत ओली राहते. मुळे ओल सहन करतात, सालीचे तसे नाही. ओली साल मऊ पडते, तिच्यात बुरशी शिरते आणि जमिनीलगत खोड काळे पडू लागते. वरून झाड हिरवे दिसत असते, आणि ज्या दिवशी पाने एकदम लोंबतात त्या दिवशी उपाय उरलेला नसतो. कलमाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. जोडाची जागा आच्छादनात बुडाली तर खालच्या खुंटाला फुटलेले धुमारे नजरेआड राहतात आणि वरच्या केसरच्या वाट्याचे अन्न गावठी खुंट खाऊन टाकतो. म्हणून जोड नेहमी डोळ्यांसमोर, कोरडा आणि उघडा असावा.

उधईचा विषय याच मोकळ्या जागेशी जोडलेला आहे. आमच्या मुरमाड जमिनीत उधई आहेच, ती आच्छादनामुळे बाहेरून येत नाही. वाळलेले काड हे तिचे अन्न आहे आणि ती ते खाते, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. काड मातीत मिसळण्याच्या कामात तिचाही वाटा असतो. चिंता असते ती काडावरून खोडावर जाण्याची. उधई उजेडात चालत नाही, स्वतःभोवती ओल्या मातीची नळी बांधत पुढे सरकते. खोडाभोवती वीतभर मोकळी जागा असेल तर तिला ती जागा नळी बांधूनच ओलांडावी लागते आणि ती नळी लांबून ओळखता येते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची नजर या बाबतीत माझ्यापेक्षा तयार आहे. पहिल्याच हिवाळ्यात एका कलमाच्या बुडाशी बसून त्यांनी मला हाक मारली, “भाऊ, हिकडं बघा, उधई वर चढलीय.” पेन्सिलीपेक्षाही बारीक, अजून ओलसर असलेली तपकिरी रेघ मुरमावरून निघून सालीवर चार बोटे चढली होती. मावशींनी खुरप्याच्या टोकाने ती खरवडली तेव्हा आतून फिक्या रंगाच्या, मऊ अंगाच्या उधया भराभर खाली पळाल्या. साल शाबूत होती. आम्ही तेथला भाग पुसून घेतला आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावली. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून एकत्र केलेले, एकूण दहा लिटर पाण्यातले हे जुने मिश्रण पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडांना लावण्याचा शिरस्ता तेव्हापासून ठेवला आहे. आळ्यात अधूनमधून निंबोळी पेंडही टाकतो. तुराट्या मात्र खोडाच्या जवळच्या अर्ध्या भागात कधीच ठेवत नाही. त्या लाकडासारख्या असल्यामुळे उधईला विशेष आवडतात, म्हणून त्या फक्त बाहेरच्या कडेला, पाचट दाबून धरण्यासाठी वापरतो.

लागवडीनंतर लगेचच ऑगस्ट आला आणि पाऊस गेला. 2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्या माळावर दिवसामागून दिवस कोरडे ऊन आणि वारा होता. आच्छादनाचा परिणाम डोळ्यांनी पाहता यावा म्हणून एक ओळ मुद्दाम उघडी ठेवली होती. त्या ओळीतल्या आळ्यांमध्ये मातीवर पांढुरकी खपली धरली, मग खपलीला भेगा पडल्या आणि खड्ड्यात भरलेला गाळ कडांपासून सुटू लागला. भेगा पडल्या की केवळ वरूनच नव्हे, तर भेगेच्या भिंतींमधूनही ओल उडते. शेजारच्या आच्छादित आळ्यात पाचट बाजूला सारून हात घातला, तर माती काळसर, गार आणि मुठीत धरली तर लाडू वळण्याइतकी ओलसर होती. पाचटाच्या खालच्या बाजूला बुरशीचे पांढरे तंतू पसरले होते, गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या होत्या, आणि वर आलेले एक कोवळे, फिक्या रंगाचे मूळ थेट काडाच्या थराला येऊन भिडले होते. उघड्या ओळीला चार दिवसांआड पाणी देणे भाग होते, तर झाकलेल्या कलमांना आठवड्यातून एकदा दिलेले पाणी पुरत होते. दोन्हींतला फरक स्पष्ट झाल्यावर उघडी ओळ तशीच ठेवण्यात अर्थ नव्हता. तिला रात्रभर ठिबक देऊन सकाळी पाचट घातले. त्या वर्षी राज्य शासनाने ऑक्टोबरअखेरीस जे 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत अंबाजोगाईचा समावेश होता.

पाण्याइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक, फायदा तणांच्या बाजूने झाला. कलमाच्या बुडाशी वाढणारे गवत हे पाणी आणि नत्र या दोन्हींत कलमाचे थेट भागीदार असते, आणि गवताची मुळे कलमाच्या मुळांपेक्षा कितीतरी चपळ असतात. आच्छादनाखाली उजेड पोहोचत नाही, त्यामुळे बियांपासून उगवणारे बहुतेक तण दबून जाते. लव्हाळा आणि हराळी यांना मात्र आच्छादनाची फारशी पर्वा नसते. लव्हाळ्याच्या गाठी खोलवर असतात आणि त्याचा कोंब टोकदार असतो, तो पाचटातून सहज वर येतो. हराळी कडेने सरपटत आत शिरते आणि ओल मिळाली की जोमाने वाढते. म्हणून आच्छादन करण्याआधी आळ्यातली हराळी मुळासकट खणून काढणे आवश्यक असते. फार दाट तण असलेल्या आळ्यांमध्ये आम्ही जुने पुठ्ठे, त्यांवरील चिकटपट्ट्या काढून, भिजवून अंथरले आणि त्यावर पाचट घातले. पावसाळा संपेपर्यंत पुठ्ठे मातीत मिसळून गेले. प्लॅस्टिकच्या कागदाचा पर्याय काहींनी सुचवला होता. भाजीपाल्याच्या वाफ्यावर, खाली ठिबक टाकून, तो उपयोगी पडतो हे खरे आहे. परंतु आमच्या कलमांना पावसाचे पाणी थेट आळ्यात मिळायला हवे होते, आणि उन्हाने जीर्ण होऊन त्याच्या चिंध्या मुरमात मिसळलेल्या मला पाहवल्या नसत्या.

पाचटाविषयी एक शंका नेहमी विचारली जाते. पाचट कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेते आणि झाड पिवळे पडते, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण ते पूर्ण समजून घ्यायला हवे. पाचटात नत्राच्या मानाने कर्ब खूप जास्त, साधारण शंभरास एक या प्रमाणाच्या आसपास असतो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशींना लागणारे नत्र पाचटातून पुरेसे मिळत नाही, म्हणून ते मातीतून घेतात. पाचट मातीत गाडले तर हे मुळांच्या थरातच घडते आणि झाडाला ते जाणवते. पाचट वरच ठेवले तर ही देवघेव मातीच्या अगदी वरच्या पातळ थरापुरती मर्यादित राहते. म्हणून आम्ही आच्छादन कधीही खणून आत मिसळत नाही. त्यावर महिन्यातून एकदा शेणकाला शिंपडतो, आणि बांधावर लावलेल्या गिरीपुष्पाचा हिरवा पाला पाचटाखाली देतो. गिरीपुष्पाच्या फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर नुसत्या खोचल्या तरी जगतात. दुसऱ्या वर्षापासून ते वर्षातून दोन-तीनदा छाटता येते आणि त्याचा पाला नत्राने संपन्न असल्यामुळे लवकर कुजतो. खाली गिरीपुष्प आणि वर पाचट, ही जोडी मला सर्व साहित्यात सर्वोत्तम वाटते. खालचा थर झाडाला खाऊ घालतो, वरचा सावली धरतो.

उन्हाळ्यात काळजीचे स्वरूप बदलते. मार्चनंतर वावटळी सुटतात आणि हलके भुसकट आळ्यातून उडून जाते. त्यावर पाण्याचा शिपका मारून तुराट्या आडव्या टाकल्या आणि चार दगड ठेवले की ते बसते. त्याहून मोठी भीती आगीची. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बांध पेटवण्याची रीत आहे, आणि माळावरचे वाळलेले गवत एकदा धरले की वारा ठरवील त्या दिशेला आग जाते. काडाचे आच्छादन असलेले शेत त्या काळात सर्वांत जोखमीचे असते. शेताच्या चारही बाजूंनी नांगराच्या दोन-तीन सऱ्यांइतका पट्टा हिवाळ्याच्या शेवटी पूर्ण साफ करून घेतो, आणि प्रत्येक आळ्याच्या बाहेरही हातभर जमीन उघडी ठेवतो, म्हणजे एका आळ्याने पेट घेतला तरी आग दुसऱ्यापर्यंत जाणार नाही. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवणे हा त्यातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. कोणीही मुद्दाम कोणाचे झाड जाळत नाही.

वरच्या उतारावर, जेथे माती अगदीच कमी आहे, तेथल्या चिंचा आणि सीताफळांना आम्ही दगडांचे आच्छादन केले. शेतातून वेचलेले चपटे दगड एकमेकांना लागून मांडले आणि फटींत गुळी भरली. दगड जळत नाहीत, उडत नाहीत, जनावरे ते खात नाहीत आणि उधईला त्यांत रस नसतो. पाण्याचा वेग तोडून गाळ आळ्यात थांबवण्याचे कामही ते करतात. त्यांपासून मातीला काहीही पोषण मिळत नाही, ही त्यांची मर्यादा आहे, आणि मे महिन्यात ते तापतात, म्हणून खोडापासून ते पाचटापेक्षाही दूर ठेवावेत. दगडांखाली विंचू असतो. फुरसेही असू शकते. दगड किंवा जाड काड हलवताना आधी काठीने उलटावे आणि मगच हात घालावा, ही सवय घरातल्या प्रत्येकाला आणि मावशींनाही सक्तीने लावली आहे.

ठिबकची नळी आच्छादनाच्या खाली असावी की वर, याविषयी दोन मते आहेत. खाली असली तर पाणी थेट मातीत जाते आणि उन्हाने उडत नाही. परंतु ड्रिपर बंद पडला तर दिसत नाही, आणि उंदीर नळी कुरतडतात. आम्ही नळी खालीच ठेवली, मात्र ड्रिपरच्या जागी पाचट विरळ ठेवले आणि पाणी सुरू असताना ओळीतून एक फेरी मारण्याचे काम पक्के केले. उंदरांची बिळे मुख्यतः गुळीच्या जाड थराखाली आढळली. थर पातळ ठेवला आणि हिवाळ्यात एकदा उलथापालथ केली की ती कमी होतात.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आच्छादनाशी संबंधित एक वेगळाच प्रश्न उभा राहतो, तो शंखी गोगलगायींचा. 2022 च्या खरिपात बीड, लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली होती. त्या दिवसा ओलसर, सावलीच्या जागी लपतात आणि रात्री बाहेर पडतात. आच्छादनाइतकी सोयीची लपण्याची जागा त्यांना दुसरी मिळणार नाही. म्हणून जूनमधले पहिले पाऊस पडू लागले की आम्ही आच्छादन खोडापासून नेहमीपेक्षा अधिक दूर सारतो, थर विरळ करतो आणि काही दिवस त्यावर ऊन-वारा लागू देतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी ओळींमध्ये पसरून ठेवली की सकाळी त्यांखाली गोगलगायी जमलेल्या सापडतात. त्या हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. शेताच्या कडेने चुन्याचा पट्टाही ओढतो, पण मोठा पाऊस आला की तो पुन्हा ओढावा लागतो. कलमांच्या कोवळ्या पालवीला त्यांनी आमच्याकडे फारसा त्रास दिला नाही. बांधाकडेच्या लहान रोपांची मात्र राखण करावी लागली.

2025 च्या सप्टेंबरने आच्छादनाची उलटी परीक्षा घेतली. मराठवाड्यात त्या महिन्यात अतिवृष्टीने हाहाकार केला, नदीकाठच्या जमिनी खरवडून गेल्या आणि उभी पिके पाण्यात गेली. आमचा उतार मुरमाचा असल्याने पाणी फार काळ साचले नाही, पण खालच्या बाजूच्या काही आळ्यांमध्ये, जेथे गाळाची भरणी जास्त होती, तेथे माती दिवसेंदिवस चिखलासारखी राहिली. मुळांना पाणी लागते तितकीच हवाही लागते. मातीत दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची स्थिती म्हणजे वाफसा, आणि अशा वेळी आच्छादन वाफसा येऊ देत नाही. त्या आळ्यांची खालची पाळ फोडून पाणी काढून दिले आणि सगळे आच्छादन ओढून ओळींच्या मधल्या जागेत पसरले. माती वरून फुटू लागली, पायाला चिकटेनाशी झाली, तेव्हा ते पुन्हा आत घेतले. यात श्रम गेले, परंतु त्या आळ्यांतली कलमे वाचली. काळ्या, भारी जमिनीत आंबा लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तेथे पावसाळ्यात आच्छादन पातळ असावे आणि पाऊस संपता संपता, ऑक्टोबरमध्ये, खरा जाड थर द्यावा. हलक्या जमिनीत मात्र दोन पावसांमधल्या खंडातही ते लागते.

एक गोष्ट उशिरा लक्षात येते. आच्छादनाखाली ओल वरच्या थरातच मिळू लागल्यामुळे झाडाची बारीक मुळे वर येतात. ही मुळे झाडाला अन्न पुरवण्यात सर्वांत तत्पर असतात, पण ती उन्हाला अतिशय नाजूक असतात. म्हणून एकदा आच्छादन सुरू केले की फेब्रुवारी ते मे या काळात आळे उघडे पडू देणे हे मुळीच आच्छादन न करण्यापेक्षा वाईट. ज्यांना भर घालणे जमणार नाही, त्यांनी आळे लहान ठेवावे, पण जेवढे झाकले आहे तेवढे उन्हाळाभर झाकलेले राहील याची खात्री करावी. याच कारणाने आळ्यात कुदळ घालणेही आम्ही बंद केले आहे. तण आलेच तर ते हाताने उपटतो आणि तेथेच काडावर वाळत टाकतो.

कलमांचा घेर आता वाढला आहे. पाने जेथवर सावली टाकतात त्याच्या थोडे बाहेरपर्यंत आच्छादन असावे, कारण अन्न घेणारी मुळे तेथवर पोहोचलेली असतात. त्यामुळे दर वर्षी आळ्याची पाळ बाहेर सरकवावी लागते, खोडाजवळचे जुने, कुजून काळे झालेले काड बाहेरच्या नव्या घेरात ओढले जाते आणि त्यावर ताजे पाचट येते. व्यास दीडपट झाला की साहित्य सव्वादोन पट लागते, हे गणित आधी मांडून ठेवलेले बरे. यंदा तोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या पाचट सांगून ठेवले आहे, गिरीपुष्पाची आणखी एक रांग पूर्वेच्या बांधावर लावली आहे, आणि शेजारच्या मामांनी त्यांच्या सीताफळांसाठी भिजून काळी पडलेली गुळी या खेपेस स्वतःकडेच राखून ठेवली आहे, त्यामुळे आम्हाला ती खालच्या वस्तीवरून आणावी लागेल.